दार नसलेल्या गॅरेजची टीम

“काका, आपली टीम कधी जिंकलीय का हो? खरं सांगा. एकदा तरी?”

अलफियानं हा प्रश्न विचारला तो दोन पायांना. कारण गहिनीनाथ काकांचं बाकी सगळं अंग एका टेम्पोखाली होतं आणि बाहेर नुसते पाय दिसत होते. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. मागं नारळाच्या पोत्यांआड रुपाली आणि राजनंदिनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. शाळा सुटल्यावर सोनईच्या स्टँडवर रुपाली म्हणाली होती, “तू स्वतःला लई डेअरिंगबाज समजतेस ना, मग काकांना तोंडावर विचारून दाखव. नाही विचारलंस तर सहामाहीपर्यंत आमची दप्तरं तू उचलायची.” आता दप्तरं उचलायला अलफियाची ना नव्हती, पण डेअरिंगवर कुणी बोट ठेवलेलं तिला हल्ली खपत नसे.

पाय हलायचे थांबले.

“जिंकली न्हाई,” टेम्पोखालून आवाज आला. मग जरा वेळानं, “पन एकदा हरलो बी न्हवतो.”

“ते कधी?”

“पाऊस आला. शर्यतच रद्द झाली.”

पोत्यांमागं फुस्सकन हसू फुटलं. काका सरपटत बाहेर आले, ग्रीसच्या हातानं कपाळावरचा घाम पुसून कपाळही काळं करून घेतलं आणि पोत्यांकडं बघत म्हणाले, “या की गं म्होरं. लपायला इथं दार हाय का?”

दार नव्हतंच. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण तिथं गॅरेजलाही शटर नसतं हे गाडी बंद पडल्याशिवाय कळत नाही. काकांनी जुनी रीत सोडली नव्हती. तीन भिंती, वर पत्रा, आणि चौथ्या बाजूनं सरळ रस्ता. पान्यांच्या पेटीला कडी होती, पण कडीला कुलूप कधी लागलं नव्हतं. आणि मधोमध, स्टँडवर, मोठ्या नवसानं झालेल्या पोरासारखी ती उभी असायची: नाथ रेसिंगची लाल गाडी.

नाथ रेसिंग म्हणजे काकांची टीम. मातीच्या ट्रॅकवर, उंचवटे उडवत, धुरळा खात ज्या मोटारसायकलच्या शर्यती होतात, त्यात ही टीम पळायची. आधी चार रायडर होते. एकाला कंपनीत नोकरी लागली, एक पुण्याच्या टीममध्ये गेला, एकाचं लग्न झालं आणि सासऱ्यानं मांडवातच गाडीवर न बसण्याची शपथ घ्यायला लावली. उरली अलफिया. दहावीतली, सोनईच्या अझीम शेखांची मुलगी. अझीमभाई शिंगणापूरच्या दुकानांना नारळ पोचवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा टेम्पो काकांच्या गॅरेजात दिवसभर अडकला, पोरगी बसून कंटाळली, आणि काका म्हणाले, “सायकल येती ना? मग ही बी येईल. मागल्या पटांगणात एक चक्कर मार.” तिनं मारली. मग दुसरी मारली. संध्याकाळी टेम्पो दुरुस्त झाला तरी ती उतरायला तयार नव्हती.

त्या वेळची अलफिया कुणाला आठवली तर आताची बघून विश्वास बसणार नाही. तेव्हा ती वर्गात हजेरी इतक्या हळू द्यायची, की सर तिला गैरहजर मांडून मोकळे व्हायचे आणि ती ‘सर, मी आहे’ एवढंही म्हणायची नाही. तिचं तोंड उघडलं ते या गॅरेजात, आणि त्यामागं नाथ रेसिंगची एक रीत होती. ती रीत बाहेर सांगायची सोय नव्हती, कारण ऐकली की लोक पोट धरून हसायचे.

रीत अशी. गाडी चालवून झाली की रायडरनं एका उलट्या क्रेटवर बसायचं, डोळे मिटायचे, दोन्ही मुठी हँडल धरल्यासारख्या पुढं करायच्या आणि अख्खी चक्कर तोंडानं मारायची. काका स्वतः कधी गाडी पळवत नसत. गुडघ्यातून त्यांचा पाय वाकत नव्हता. त्यामुळं ते समोर उकिडवं न बसता पाय लांब करून बसायचे आणि कान द्यायचे. अलफिया सुरू करायची, “हुंऽऽऽ... गर्र... आता उंचवटा... हवेत... धप्... हुंऽऽऽ...”

“थांब. त्या तिसऱ्या वळनाला परत घे.”

ती परत घ्यायची. “हुंऽऽ... खिट्ट... हुंऽऽ...”

“हे खिट्ट कुठून आलं?”

“गिअर टाकताना.”

“पायाला जानवलं का कानाला?”

“पायाला.”

मग काका ग्रीसच्या बोटांनी टाळू खाजवत विचार करायचे आणि चेन तरी आवळायचे नाहीतर क्लचची वायर तरी. आता खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा त्याचा उपयोग व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी खिट्ट परत यायचं. पण आजवर अलफियाचं असं कुणी ऐकलं नव्हतं. घरात सगळे एकाच वेळी बोलायचे, वर्गात सर एकटेच बोलायचे. इथं एक मोठा माणूस हातातलं काम टाकून तिच्या तोंडातून निघालेल्या खिट्टसाठी अर्धा तास बसायचा. अशा माणसासमोर कुणाचा आवाज मोठा होणार नाही?

“पण अल्फे, टीम जिंकत का नाही मग?” त्या दिवशी परत जाताना राजनंदिनीनं विचारलं.

“गाडी जुनी आहे. टायर जुने आहेत. जिंकू एक दिवस.”

“काका पण जुने आहेत,” रुपाली म्हणाली. मग अलफियानं तिची वेणी ओढली आणि विषय तिथं संपला.

टीम का जिंकत नाही, याचं एक कारण रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. म्हणूनच ते कुणाला दिसत नव्हतं. गॅरेज उघडं. येणारा-जाणारा आत यायचा. चहा प्यायचा. आणि लाल गाडी समोर दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. कुणी म्हणायचा, गहिनीनाथा, हवा जरा जास्त वाटती, आणि थोडी सोडायचा. कुणी कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून बघायचा. कुणी क्लचची वायर ढिली करायचा, कारण त्याच्या स्वतःच्या गाडीला ढिलीच बरी वाटायची. सगळे भल्यासाठीच करायचे. टीम सगळ्या गावाची होती ना. काका नुसते म्हणायचे, “बरं बरं, बघतो मी,” आणि चहा सांगायचे.

या सगळ्यांत पुढं सहादेव तात्या. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. टीमचे पहिले आणि सगळ्यांत पक्के चाहते. टीम शेवटून पहिली आली तरी तात्या ट्रॅकच्या कडेला उभे राहून टोपी फिरवायचे. शर्यतीच्या दिवशी पहाटे देवाचं तेल छोट्या बाटलीत घेऊन यायचे आणि गाडीच्या नंबरावर बोटानं ठिपका लावायचे. अलफिया मनात बिस्मिल्ला म्हणायची, तात्या तेल लावायचे, काका गाडीच्या टाकीवर थाप मारायचे, आणि मग गाडी अब्बांच्या टेम्पोत चढायची. हे असं ठरूनच गेलं होतं.

राहात्याच्या शर्यतीच्या दिवशीही तसंच झालं.

माळावर जेसीबीनं ट्रॅक काढला होता. वळणं, उंचवटे, कडेला जुन्या टायरांची भिंत. मुलींची शर्यत वेगळी होती आणि अलफिया पहिल्यांदाच पुढच्या रांगेत उभी होती, कारण सकाळच्या सरावात तिची वेळ चांगली आली होती. शेजारी पुण्याच्या ब्लॅकरिज टीमच्या दोन मुली, चकचकीत गाड्यांवर, नखशिखान्त एका रंगाच्या. अलफियाचं जॅकेट आदिलचं होतं. आदिल म्हणजे तिचा चुलतभाऊ, अंगानं दुप्पट. पण हेल्मेटच्या आत ती अशी हसत होती की गाल दुखायला लागले होते.

सुरुवात व्हायला उशीर होत होता. कुणीतरी पाहुणा यायचा होता. उन्हात सगळ्या गाड्या रांगेत ठेवून रायडर सावलीला गेल्या. तेवढ्या वेळात तात्या गाडीशी एकटेच उभे होते.

मग झेंडा पडला. अलफिया सुटली ती अशी, की रुपालीनं नंतर शपथेवर सांगितलं, तिच्या अंगावरून वारं गेलं म्हणून. पहिल्या वळणाला ती सगळ्यांच्या पुढं होती. तिनं पुढचा ब्रेक दाबला.

काही झालं नाही. ब्रेकची मूठ पार आत गेली आणि गाडी आपली जात राहिली. तिनं पायाचा ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, आणि अलफिया, लाल गाडी आणि आदिलचं जॅकेट अशी सगळी मंडळी टायरांच्या भिंतीत जाऊन घुसली.

मनगट मुरगळलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. पण कुंपणाशी उभ्या असलेल्या अम्मीनं ते सगळं बघितलं होतं. सुमैरा म्हणजे अम्मी शर्यतीला पहिल्यांदाच आली होती.  अलफियाच्या हातावर पट्टी बांधून होईपर्यंत तिचं दुसरं मनगट तिनं सोडलं नाही.

काकांनी गाडी उभी केली आणि पुढच्या चाकाजवळ वाकले. चाकाला ब्रेकची जी स्टीलची थाळी असते, त्यावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाजवळ नेलं. अलफिया जवळच होती. तिलाही वास आला. तिळाच्या तेलाचा.

“काका, तेल कुणी लावलं?”

“मी तपासलं न्हाई,” काका म्हणाले. “चूक माझी हाय.”

“मी ते नाही विचारलं.”

“मी तेच सांगतोय.”

मग त्यांनी गाडी टेम्पोत चढवायला घेतली. तात्या मात्र सगळ्या वाटेनं टेम्पोत बसून बोलत होते, की नशीब बलवत्तर, देवानं पोरीला वाचवलं.

दोन दिवसांनी घरी फोन आला. ब्लॅकरिजच्या सविता मॅडमचा. त्या स्वतः आधी रेस करायच्या, आता टीम सांभाळायच्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीची सुटण्याची पद्धत मी बघितली, असं वळण गाठणारी मुलगी मी बऱ्याच दिवसांत बघितली नाही. हात बरा झाला की ट्रायलला पाठवा. गाडी आमची, कपडे आमचे, ट्रॅकवर डॉक्टर असतो, दहावीच्या परीक्षेच्या वेळी सुट्टी.

डॉक्टर हा शब्द ऐकला आणि अम्मीचं ठरलं. “जायचं,” ती म्हणाली. “शर्यत सोड असं मी म्हणत नाही, अलफी. मला माहितीये तू सोडणार नाहीस. पण पडायचंच असेल तर जिथं उचलणारे आहेत तिथं पड.”

अब्बांनी मान हलवली. त्यांना काकांचं वाईट वाटत होतं, पण मुलीचं मनगटही दिसत होतं.

आणि गंमत म्हणजे अब्बांकडून हे कळल्यावर त्याच संध्याकाळी काका आले. वाकत नसलेला पाय घेऊन, बसनं, हातात केळी घेऊन. पलंगाच्या कडेला अवघडून बसले आणि अम्मीला म्हणाले, “भाभी, पोरीला पाठवा तिकडं. मी तिला काय देनार? माझ्याकडं जे हाय ते सगळं तुमाला दिसतंय.”

“मी गेले तर टीमचं काय?” अलफियानं विचारलं.

“टीम म्हंजी कोन आता? तू गेली की ती लाल गाडी मी विकनार आनि निवांत टेम्पो दुरुस्त करनार. तू माझी काळजी करू नको.”

हे इतकं सरळ सांगितलं की अलफियाला एकदम त्यांचा राग आला. कप उचलायच्या निमित्तानं ती आत निघून गेली, आणि आत जाऊन कप कुठं ठेवायचा हेच तिला सुचेना.

ट्रायल मात्र, खोटं कशाला बोलायचं, झकास झाली. ब्लॅकरिजची गाडी म्हणजे गाडी नव्हती, हरीण होतं. अलफिया उडी मारून खाली यायची तर धप् व्हायचंच नाही, नुसतं फस् व्हायचं. सविता मॅडम बोलायला मोकळ्या होत्या. मेकॅनिक दादांनी लॅपटॉपवर रेघा दाखवल्या, कुठं गॅस उशिरा सोडला, कुठं लवकर. अलफिया दिवसभर दात काढत होती.

एकच गोष्ट घडली. गाडीवरून उतरल्यावर सवयीनं तिनं आपल्या ओढणीनं मडगार्डवरची माती पुसायला हात पुढं केला. मेकॅनिक दादा तिच्याकडं न बघताच म्हणाले, “ताई, हात नको.”

तिनं हात मागं घेतला. मग थोड्या वेळानं सविता मॅडम स्वतः आल्या आणि टाकी धरायला गेल्या. दादा त्यांनाही म्हणाले, “मॅडम, हात नको.” आणि मॅडमनी घेतला की हात मागं. कुणाला राग आला नाही, कुणाचा अपमान झाला नाही. दादांनी चहाही मागवला नाही.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, “काही विचारायचंय?”

“हो. तुम्ही लोकांना हात नको म्हणता, ते चिडत नाहीत का?”

मॅडमना वाटलं होतं ती बुटांच्या मापाबद्दल वगैरे विचारेल. त्या हसल्या. “सुरुवातीला चिडतात की. मग कळतं त्यांना. गाडीला एकाच माणसाचा हात लागला तरच काय बिघडलं ते सापडतं. दहा जणांचे हात लागले तर कुणाला विचारणार?”

परतीच्या वाटेवर अब्बा टेम्पो चालवताना गुणगुणत होते. अम्मीनं डबा उघडला होता. अलफिया खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या डोक्यात खिट्ट खिट्ट चाललं होतं. काका चेन आवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी खिट्ट परत यायचं. परत का यायचं? मधल्या वेळात गॅरेज उघडंच असायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती शिंगणापूरला गेली. रुपाली आणि राजनंदिनी बरोबर होत्याच, कारण अलफिया निरोप घ्यायला चाललीय आणि रडणार आहे, असं रुपालीचं म्हणणं होतं आणि ते तिला चुकवायचं नव्हतं.

काका एका जीपच्या इंजिनात डोकं घालून होते. लाल गाडी दुरुस्त होऊन मधोमध उभी होती. आणि तिच्या पुढच्या चाकाजवळ सहादेव तात्या बसले होते. हातात तेलाची वाटी.

“आलीस का पोरी?” तात्या प्रेमानं म्हणाले. “मागल्या टायमाला निस्त्या दोन बोटांनी लावलं, तरी पडलीस. आता दोनी चाकांना चांगलं माखतो. ही चकाकती थाळी हाय ना, चक्रावानी, तिलाच लावायचं. काय होत न्हाई मग.”

त्यांचा तेलाचा हात थाळीपासून वीतभर उरला होता. काकांनी जीपमधून डोकं वर काढलं होतं, पण ते नुसता पाना घट्ट धरून उभे होते.

“तात्या,” अलफिया म्हणाली, “हात नको.”

तात्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “आं?”

“गाडीला हात नको, तात्या. ही थाळी ब्रेकची आहे. हिला तेल लागलं की ब्रेक लागत नाही. राहात्याला मी त्याच्यामुळंच पडले.”

“अल्फे,” काका पुटपुटले.

“नाही काका, सांगू दे. तुम्ही सांगणार नाही, आणि ते पुढच्या वेळी आणखी लावतील.”

तात्यांनी वाटी खाली ठेवली. हाताकडं बघितलं. मग अलफियाच्या मनगटाकडं बघितलं. तिथं पट्टी नव्हती, पण ते बघतच राहिले. 

“मला कुनी बोललं का न्हाई?” शेवटी ते म्हणाले. काकांना विचारलं.

काका जीपला टेकून उभे राहिले. “काय बोलू तात्या? तुमी पहिल्या शर्यतीपासून हाय. ज्या गावात कुनी कुनाला दार लावत न्हाई, तिथं मी तुमाला आत येऊ नका म्हनू? मला न्हाई म्हनायला जमतच न्हाई. कुनालाच.”

“मला जमतं,” अलफिया म्हणाली.

हे तिच्या तोंडून निघालं आणि मग तिला कळलं, की खरंच जमतं. वर्गात हजेरीही धड ऐकू न जाणारी मुलगी, जिला याच माणसानं क्रेटवर बसवून बोलतं केलं, तिला आता पाहिजे त्याला पाहिजे ते सांगता येत होतं. काकांकडं सगळं होतं, एवढंच नव्हतं. आणि त्यांच्या टीममध्ये ते दुसऱ्या कुणाकडं असेल तर तिच्याकडंच होतं.

तिनं दप्तर रुपालीच्या हातात दिलं. शाळेच्या मैदानावर आखायला वापरतात तसली पांढरी फक्की कोपऱ्यात पडली होती, पटांगणात ट्रॅक आखायला काकांनीच आणलेली. तिनं ती ओंजळीत घेतली आणि लाल गाडीभोवती गोल रेघ ओढली. वाकडी आली, पण आली.

“दार नाही लावायचं,” ती म्हणाली. “पण ही रेघ. हिच्या आत फक्त काका आणि मी. बाकी कुणीपण असो, माझे अब्बा असले तरी, रेघेच्या बाहेर.”

“लक्ष्मणरेषा,” राजनंदिनी म्हणाली.

“आतली सीता मात्र फार भांडखोर आहे,” रुपाली म्हणाली.

तात्या अजून जमिनीवरच होते. अलफिया त्यांच्याजवळ बसली. “तात्या, तेल लावायचं बंद नाही करायचं. माझ्या हेल्मेटला लावा. तिथं घसरलं तरी चालतं.”

तात्या खालचा ओठ दाबून हसले. उठले, हात साबणानं धुतले, परत धुतले, आणि गॅरेजच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. संध्याकाळी कुणी एक जण सवयीनं स्क्रू फिरवायला आत शिरला. अलफियाला तोंड उघडायची गरज पडली नाही. तात्याच गरजले, एसटीत फुकट्या प्रवाशावर गरजायचे तसे: “ए, रेघ दिसती का न्हाई? मागं हो. च्या घे हवं तर.”

पुढचा सगळा आठवडा लाल गाडीला दोघांशिवाय कुणी शिवलं नाही. दोघातिघांनी नाक मुरडलं. एक जण तर म्हणाला, गहिनीनाथला शिष्टपना आला. काकांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण शनिवारी शाळा सुटल्यावर अलफियानं पटांगणात गाडी पळवली, क्रेटवर बसली, डोळे मिटले आणि सुरू केलं, “हुंऽऽऽ... गर्र... हवेत... धप्... हुंऽऽऽ... हुंऽऽऽ...”

“तिसरं वळन परत घे,” काका म्हणाले.

“हुंऽऽऽ... हुंऽऽऽ...”

“खिट्ट?”

“नाही आलं.”

“नीट आठव.”

“काका, नाही आलं. तुम्ही सोमवारी जे आवळलं होतं ते तसंच आहे. कुणी ढिलं केलंच नाही.”

 काकांनी टाळूला ग्रीस लावलं, आणि फार हळू, दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं, म्हणाले, “म्हंजी मला थोडंफार येतंय तर.”

अलफिया हसली आणि काकांची गाडी विकायची भाषा त्यानंतर परत निघाली नाही. पण ती एकदाही ‘मी थांबते’ असं म्हणाली नव्हती. कारण ते आधी घरी सांगायचं होतं, आणि घरी अम्मी होती.

रविवारी सकाळी अब्बा अंगणात टेम्पो धूत होते. अम्मी ओट्यावर मेथी निवडत होती. ब्लॅकरिजला त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं आणि अम्मीनं मोबाईल मेथीच्या जुडीशेजारीच आणून ठेवला होता. अलफिया समोर येऊन उभी राहिली. हात मागं बांधावेसे वाटत होते, पण तिनं बांधले नाहीत.

“अब्बा, पाणी बंद करा जरा.”

अब्बांनी नळ बंद केला. अम्मीनं मान वर केली.

“सविता मॅडमना मी सकाळीच फोन केला. त्यांना नाही म्हणाले. त्यांची टीम चांगली आहे, माणसं चांगली आहेत, आणि मी तिथं गेले तर कदाचित लवकर जिंकेन. पण त्यांना माझ्यावाचून काही अडलेलं नाही. काकांकडं जे कमी आहे ते मला येतं. मी नाथ रेसिंगकडूनच पळणार आहे.”

अम्मीनं मेथीची काडी खाली ठेवली. “आणि मागच्यासारखं झालं तर?”

“होणार नाही असं मी म्हणत नाही, अम्मी. पण ब्रेक आता दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. मीच तपासणार, काका तपासणार, आणि गाडी रांगेत लागली की तुझ्यासमोर मूठ दाबून दाखवणार. तू प्रत्येक शर्यतीला यायचं. तू हो म्हणालीस तरच मी हेल्मेट घालणार, आणि नाही म्हणालीस तर झेंडा पडला तरी मी गाडीवर बसणार नाही. आणि उचलणारे पाहिजेत म्हणालीस ना, तर काका येत्या शर्यतीपासून डॉक्टर असल्याशिवाय गाडी टेम्पोतून उतरवणार नाहीत. काल कबूल केलंय त्यांनी, माझ्यासमोर.” तिनं श्वास घेतला. “हे मी विचारत नाहीये, अम्मी. सांगतेय. मी टीम सोडत नाही.”